दोघांचा पंखा

कुणाला पटो न पटो, हे घडलेलं आहे.

तेही रात्री नाही. भर दुपारी तीनच्या सुमारास, तलावाच्या धक्क्यावर. आणि घडलं ते माझ्या मोठ्या मामांसोबत. मामा भुताखेतांना मानणारे नव्हेत. ते वॉटर स्कूटर दुरुस्त करतात. आवाज आला की पाना घेऊन कारण शोधायचं, हीच त्यांची देवपूजा.

माझे धाकटे मामा त्या तलावावर जीवरक्षक होते. एका वादळी संध्याकाळी उलटलेल्या होडीकडे निघाले आणि मध्येच त्यांच्या स्कूटरचा जोर गेला. इंजिन चालू, पण पंप पाणीच फेकेना. दोन दिवसांनी ते सापडले. पलीकडच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयाजवळ.

त्याच्या महिनाभर आधीच मोठ्या मामांनी तो पंप उघडून पाहिला होता. पाणी मागे फेकणाऱ्या पंख्याभोवतीची रिंग झिजलेली दिसली होती.

"काढेल अजून एक सीझन," असं ते म्हणाले होते.

त्यानंतर मामा जेवायचे, झोपायचे, कामाला जायचे. पण आतून सगळं बधिर झालं होतं. रडूसुद्धा आलं नाही.

धाकट्या मामीला नवऱ्याच्या जागी नोकरी मिळाली. पोहण्यात ती त्यांच्यापेक्षा तरबेज. सोमवारपासून गस्त घालायची होती, त्याच स्कूटरवर.

"दादा, दुसऱ्या कुणाकडे देणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीच करा."

मामांना नाही म्हणता आलं नाही. यावेळी चूक झाली तर मामीही जाणार, एवढंच त्यांना कळत होतं.

पार्टच्या दुकानदाराने विचारलं, "गाडीवर बसणार किती?" पंखा त्यावरच ठरतो. एकट्यासाठी पात्यांना पीळ जास्त, दोघांसाठी कमी. वजन ठरल्यापेक्षा जास्त झालं की इंजिनच्या फेऱ्या घटतात, कमी झालं की वाढतात.

"एकच," मामा म्हणाले. "तीही शेलाटी."

"दोन्ही घेऊन जा. नको तो परत करा. मी काय पळून जातोय?"

शनिवारी दुपारी मामांनी नवी रिंग बसवली. एकट्याचा पंखा बसवला. दोन्हींमधली फट चारही बाजूंनी मोजली. अगदी हवी तेवढी.

मामीने स्कूटर पाण्यात पळवली. फेऱ्यांचा काटा साडेसात हजारावर जायला हवा होता...

सात हजारावर अडला.

मामांनी पंपात गवत शोधलं. नव्हतं. गाडीच्या पोटात पाणी शिरलंय का पाहिलं. कोरडी ठणठणीत. फट पुन्हा मोजली. बरोबर.

"उतर जरा," ते मामीला म्हणाले.

मामी उतरली. स्कूटर रिकामी झाली. तरीही मागची बाजू चार बोटं दबलेलीच...

त्यांनी ती ट्रॉलीवर ओढून घेतली. नेहमीसारखीच हलकी. मग परत पाण्यात सोडली.

क्षणभर ती नीट तरंगली.

मग हळूच डावीकडे झुकली... सरळ झाली... आणि मागून खाली बसली.

वारा नव्हता. पाणी हलत नव्हतं.

धाकटे मामा नेहमी डावीकडूनच चढायचे.

"मला घाबरायला हवं होतं," मामा सांगतात. "काहीच वाटलं नाही रे. त्याचीच जास्त भीती वाटते आता."

मामीकडे न बघता त्यांनी पंप पुन्हा उघडला. दोघांचा पंखा चढवला.

काटा बरोबर साडेसात हजारावर गेला.

रविवारी दुपारी मामी एकटीच लाल बोयापर्यंत गेली. अर्ध्या तासाने परतली, तेव्हा इंजिन किंचाळत होतं. काटा आठ हजारावर. मागची बाजू वर उचललेली.

"तिथे थोडी थांबले होते," ती म्हणाली. "येताना हलकी झाली."

मामांनी पाना उचलला. "आण इकडे. एकट्याचा पंखा घालतो. उद्या कामावर जायचंय तुला."

"थांबा, दादा."

तिने स्कूटर वळवली. पुन्हा बोयाकडे गेली.

दूरवर इंजिन बंद पडलं...

पाच मिनिटं झाली. दहा झाली. काहीच ऐकू येईना. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मामांना भीती वाटली. ते धक्क्यावरून तिला जिवाच्या आकांताने हाका मारत सुटले.

मग आवाज आला. खालच्या पट्टीतला, एकसारखा.

मामी परत येत होती. मागची बाजू चार बोटं पाण्यात.

तिने शांतपणे दोर बांधला.

"आता बदलू नका," ती म्हणाली.

मामांनी पाना पेटीत ठेवला. धक्क्यावरच बसले आणि लहान मुलासारखे रडले.

याला तीन वर्षं झाली. पंखा तोच आहे. मामीने या काळात पाच जणांना जिवंत बाहेर काढलंय. मी मामांना विचारलं, "तुम्हाला काळजी नाही वाटत तिची?"

ते हात पुसत म्हणाले, "एकटी जात असती तर वाटली असती."

मला मात्र अजून वाटते.

परवा मी तलावावर गेलो होतो. मामीने हसून हाक मारली. "चल, एक फेरी मारून आणते. तिघं आरामात बसतात यावर."

धक्क्यावर आम्ही दोघंच होतो.