बारीक पुस्तकं जातात कुठे?

“ताई, खाली बस ना दोन मिनिटं. तुझ्याकडे बघून मला गरगरायला लागलंय,” तिचा मामेभाऊ म्हणाला. ताडमाड उंचीमुळे त्याला सगळे खांब म्हणायचे.

भिंगरी बसली नाही. वाचनालयाच्या मागच्या पायऱ्या ती मघापासून चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. साडेतीन वाजले होते. पाच वाजता वाचनालय बंद होणार आणि तेव्हा तिच्या खिशावरचा ‘स्वयंसेवक’ लिहिलेला बिल्ला ग्रंथपाल बाई काढून घेणार होत्या.

सुट्टीत मामाकडे आल्यापासून त्या बिल्ल्यासाठी तिने जिवाचं रान केलं होतं. वय तेरा, पण उंची पाच-सहा वर्षांच्या मुलीएवढी. तिच्या हातापायांची हाडं जन्मापासूनच आखूड वाढतात. बाकी डोकं, जीभ आणि हट्ट वयाप्रमाणेच, किंवा जरा जास्तच. अनोळखी बायका गाल ओढून “कितवीत आहेस, बाळ?” विचारायच्या आणि “आठवीत” ऐकलं की चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायच्या. दिव्याची बटणं, लिफ्टची बटणं, दुकानातले काउंटर, सगळंच कुणीतरी तिच्या डोक्यावरून बांधून ठेवलेलं. म्हणून तिच्या सॅकमध्ये कायम दोन वस्तू असायच्या: घडीचं दोन पायऱ्यांचं स्टूल आणि टोकाला आकडा असलेली काठी. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून मामीने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. ते नाव मात्र तिला आवडायचं.

ती काउंटरवर बसायला लागून आठ दिवस झाले होते, आणि त्या आठ दिवसांत सात पुस्तकं गायब झाली होती. वाचक शपथेवर सांगत होते, “आम्ही परत केलं.” पुस्तकांचा पत्ता नव्हता.

“कुणी तुझ्यावर आळ घेत नाहीये गं,” बाई दुपारी म्हणाल्या होत्या. “पण गोंधळ होतोय ना? आज जाताना बिल्ला माझ्याकडे दे, उद्यापासून तू चित्रांच्या पुस्तकांच्या खोलीत बस. तिथल्या खुर्च्या छोट्या आहेत, तुझ्या सोयीच्या.”

त्या खुर्च्यांवर बालवाडीतली मुलं बसायची. भिंगरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं आणि त्याचाच तिला जास्त राग आला होता.

“चोर असणार,” खांब म्हणाला. तो तिच्याहून वर्षाने लहान, पण गेल्या वर्षभरात एवढा वाढला होता की दर दोन दिवसांनी कपाळावर नवं टेंगूळ.

“चोर रंगकामाचं पुस्तक नेईल? आणि कोबी लावायचं?”

“शेती करणारा चोर असेल.”

“आणि ते रोज पेपर वाचायला येणारे मास्तर, त्यांचं कोड्यांचं पुस्तक तर एवढुसं होतं,” शेपूट म्हणाली. ही खांबची आठ वर्षांची बहीण. दोघं जिथे जातील तिथे मागे. “माझ्या वहीसारखं.”

भिंगरी चढता चढता थांबली. मग तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. रंगकाम, कोबी, मास्तरांचं कोड्यांचं...

“सातही बारीक आहेत,” ती म्हणाली. “जाडजूड एकही गेलेलं नाही.”

“चोराला वाचायचा कंटाळा असेल,” खांब म्हणाला, पण तोही उठून उभा राहिला.

चार वाजता बाई चहाला आत गेल्या. काउंटरचं आडवं फळकूट सगळ्यांना उचलून जावं लागायचं; भिंगरी त्याच्या खालून सरळ आत गेली. पुस्तकं परत करायची फट काउंटरच्या दर्शनी फळीत होती. बाहेरून पुस्तक सरकवायचं, आत टोपलीत पडायचं. खांब बाहेर उभा राहिला.

“आधी शब्दकोश टाक.”

धप्प. टोपलीत.

“आता काहीतरी बारीक.”

खांबने पिशवी चाचपली आणि स्वतःची वही सरकवली. सर्रकन आवाज झाला, मग बराच खालून, टक. भिंगरीने टोपलीत डोकावलं. शब्दकोश होता. वही नव्हती.

ती टोपली ठेवली होती नव्या लाकडी चौथऱ्यावर. हा चौथरा खास भिंगरीसाठी केलेला. पहिल्याच दिवशी बाईंनी तो कौतुकाने दाखवला, चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी अंदाजाने सांगितला, सुतारकाकांनी अंदाजाने ठोकला. भिंगरीला कुणी विचारलंच नाही. त्यावर चढायचं तर तिला गुडघा छातीला लावावा लागायचा, आणि वर उभी राहिली की काउंटर कंबरेखाली. पण टाळ्या वाजत असताना नको कसं म्हणायचं? ती गप्प बसली. दुसऱ्या दिवसापासून काउंटरच्या टोकाला आपल्या स्टुलावर उभी राहून शिक्के मारायला लागली. रिकाम्या चौथऱ्यावर बाईंनी टोपली चढवली.

भिंगरी पोटावर पालथी पडली. काउंटरच्या तळाशी एक जाड लाकडी पट्टी होती, त्यामुळे चौथरा फळीला चिकटलाच नव्हता. मध्ये तीन बोटांची फट. टोपलीच्या आडोशामुळे ती वरून दिसायचीच नाही. जाड पुस्तक पुढे ढकललं जाऊन टोपलीत पडत होतं आणि बारीक सरळ फटीतून खाली जात होतं. चौथरा आतून पोकळ, आणि फळीकडच्या बाजूला उघडा. फुकट फळी कशाला घाला, असं काकांना वाटलं असणार.

तिने बाजूने काठी आत घातली. आकडा कशाला तरी अडकला. सुटला. हात खांद्यापर्यंत घातला तरी बोटं पोचेनात.

“माझा हात आखूड पडतोय. खांब, तू ये.” तो फळकूट उचलून आत आला, वाकला, आणि त्याचा हात आत शिरला तशी ती ओरडली, “थांब, काढू नकोस!”

“का? माझी वही आहे आत. सुट्टीचा अख्खा अभ्यास!”

“आपण काढली तर म्हणतील आपणच लपवली होती. बाईंच्या डोळ्यांसमोर निघायला हवीत. शेपूट, पळ. सुतारकाकांना सांग, चौथऱ्याचं काम निघालंय. आणि तुझी लाल रिबीन दे.”

पावणेपाचला काका आले, कानामागे पेन्सिल. निवृत्त मास्तर नेहमीच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. भिंगरी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बसली. हात टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे. पाय मात्र टेबलाखाली हलत होते.

“बाई,” ती म्हणाली, “मास्तरांना एक पुस्तक परत करू द्या. मी इथेच बसते.”

“हा काय खेळ आहे?”

“दोन मिनिटं फक्त. मग मी बिल्ला देते.”

रिबीन बांधलेलं कवितांचं बारीक पुस्तक मास्तरांनी फटीत सरकवलं. सर्र. टक.

“बाई, आता टोपलीत बघा.”

बाईंनी टोपली बघितली, पालथी केली, पुन्हा बघितली. “अगं, पण माझ्यासमोर टाकलं...”

“रिबीन बघा कुठे जाते,” शेपूट नाचत म्हणाली. लाल रिबीन फळीला लागून सरळ खाली, चौथऱ्यामागे शिरली होती.

काका आणि खांब यांनी मिळून चौथरा ओढला. खाली धूळ, कवितांचं पुस्तक, खांबची वही आणि एकावर एक घसरलेली सात पुस्तकं.

“माझं कोड्यांचं!” मास्तर म्हणाले. “सापडेपर्यंत दुसरं मिळणार नाही असं या बाईंनी मला बजावलं होतं.”

बाईंचा चेहरा पडला. त्या भिंगरीपाशी आल्या, समोरची खुर्ची ओढून बसल्या. “पोरी, चुकलं माझं. तुझ्यासाठी केलेल्या वस्तूत पुस्तकं गेली आणि बोल तुला लावला. मोठमोठ्या माणसांना जे दिसलं नाही ते तू शोधलंस.”

“माझंही थोडं चुकलं,” भिंगरी म्हणाली. “चौथरा मला उंच होतो हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण बाई, तुम्ही विचारलंही नव्हतं.”

काकांनी कानामागची पेन्सिल काढली, खिशातून टेप काढला आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

“हुशार आहेस,” ते म्हणाले. “आता तूच सांग. उंची कुठवर हवी? पायरी केवढी?”

भिंगरी उठली. काउंटरपाशी गेली, हात वर ठेवून अंदाज घेतला. “इथवर. आणि पायऱ्या दोन.”

काकांनी टेप लावला. पाच वाजून गेले, बिल्ला खिशावर होता, आणि माप नीट घेऊन होईपर्यंत भिंगरी जागची हलली नाही.