दुसरं पिएत्राफोस्का

डोंगराच्या या अंगाला एक पिएत्राफोस्का आणि त्या अंगालाही एक पिएत्राफोस्का. सरकारने कधीकाळी सांगून पाहिलं होतं, एकाने तरी नावाला शेपूट लावा. 'वरचं' म्हणा, 'खालचं' म्हणा. दोन्ही गावांनी कानांवर हात ठेवले. खरं नाव आमचं, शेपूट त्यांना लावा! त्या हट्टापायी पाहुणे चुकले, पार्सलं चुकली, एकदा तर खुद्द बिशप चुकीच्या गावात उतरला आणि तिथलंच जेवून ढेकर देत परत गेला. लोक हसायचे.

नवरा ग्वाल्तिएरो गेल्यापासून एर्सिलियाला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. त्याच्या छातीत कळ आली तेव्हा तिने फोन करून गावाचं नाव सांगितलं, रोमा रस्ता सांगितला, घर नंबर अकरा सांगितला. रोमा रस्ता नसलेलं गाव अख्ख्या इटलीत शोधून सापडायचं नाही. ॲम्ब्युलन्स सुसाट निघाली आणि डोंगरापलीकडच्या रोमा रस्त्यावर, अकरा नंबरच्या दारात जाऊन उभी राहिली. इकडे नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली होती. चुलीवरचं सूप आटून करपलं, तरी गाडी आली नाही.

पुढे दोन्ही गावांना लाज वाटली असावी. समेट म्हणून चेस्टनटच्या हंगामात एकत्र जेवायची टूम निघाली. एर्सिलिया कधी गेली नाही. यंदा पंगत पलीकडे होती, आणि ती आपली जुनी फियाट काढून एकटीच निघाली. बाईचा राग निवळला, असं लोकांना वाटलं. तिला ते दार बघायचं होतं. त्या दारामागे जो कोणी राहतो त्याला भर पंगतीत, चार लोकांदेखत विचारायचं होतं: दुसऱ्याची गाडी दारात आली, ती तुम्ही ठेवून का घेतलीत?

रस्त्याच्या मधोमध लांबच लांब टेबलं मांडली होती. अकरा नंबरचं दार हिरवं होतं. त्याच्याच समोर तिला जागा मिळाली.

"या या, सिन्योरा! पलीकडच्या ना?" घरधनीण नेरीनाने तिच्या ताटात सशाचं मटण वाढलं. "घ्या. तुमच्याकडे ससा फार चिवट करतात म्हणे."

"आमच्याकडे लोकांना अजून दात आहेत."

नेरीना खदखदून हसली. मग शेजारच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, "हा माझा ओलिंतो. नीट बघून घ्या, चमत्कार आहे चमत्कार! जेवता जेवता कोसळला. मी किंचाळायला तोंड उघडतेय तोच दारात ॲम्ब्युलन्स! फोन कुणी केला? कुणीच नाही. आमच्या गावच्या संताने, सान रोक्कोनेच धाडली."

एर्सिलियाने काटा ताटात खाली ठेवला.

"तेव्हापासून जरा भ्रमिष्टासारखा वागतो, एवढंच. संध्याकाळ झाली की दारात उभा राहून 'बीर्बा, बीर्बा' अशा हाका मारतो. आता आमच्याकडे कुत्रा कधी नव्हताच! मला शिंका येतात कुत्र्याने."

बीर्बा एर्सिलियाची कुत्री. ग्वाल्तिएरो गेल्यावर ती रोज संध्याकाळी कुंपणापाशी जाऊन, डोंगराकडे कान टवकारून बसायची. तिथेच मेली.

नेरीना भाजलेले चेस्टनट आणायला आत गेली. ओलिंतो मान खाली घालून एक चेस्टनट सोलत होता. करपलेलं साल नखाने खरवडून त्याने तो स्वच्छ केला, आणि तोंडात न टाकता एर्सिलियाच्या ताटात ठेवला. ग्वाल्तिएरोचा पहिला चेस्टनट नेहमी तिला. संसारभर असंच.

"एर्सी," तो म्हणाला. आवाज म्हाताऱ्याचा, जाडाभरडा. हाक मात्र तिच्या घरातली. "किती उशीर केलास गं."

तिने तो चेस्टनट उचलून मुठीत घेतला.

"गाडीत बसलो खरा. उतरल्यावर कळलं, घर दुसरंच आहे. ही बाई मक्याच्या पोलेंटात मीठच घालत नाही."

आणि मग चेहरा पालटला. तेच डोळे, पण भेदरलेले. ओलिंतोने तिचं मनगट धरलं.

"सिन्योरा, त्याला नेऊ नका. पाया पडतो. तो गेला तर मी कशावर उभा राहू? नाताळात नातू व्हायचाय आम्हाला."

एर्सिलियाने त्याच्याकडे पाहिलं. गोड म्हातारा होता. त्याने काही चोरलं नव्हतं. दारात आलं ते घेतलं होतं.

"माझ्या दारात यायचं होतं ते," ती म्हणाली.

तिने मनगट सोडवून घेतलं. पर्स उचलली. शेजारघरी गप्पांत रेंगाळलेल्या नवऱ्याला बोलवावं, तसं म्हणाली, "चल. घरी चल."

ओलिंतोची हनुवटी हळूच छातीला टेकली.

"झोपला वाटतं!" नेरीना कढई घेऊन आली. "दोन घोट पोटात गेले की संपलं. अहो, निघालात? चेस्टनट तरी खा!"

"मला पोचले," एर्सिलिया म्हणाली.

उतारावर गाडी नेहमीपेक्षा जड चालत होती. वळणावळणाला उजव्या अंगाला झुकत होती. ती चालवत राहिली.

खालून सायरन ऐकू आला.

एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. रस्ता एकाच गाडीपुरता. ॲम्ब्युलन्स नाकासमोर येऊन थांबली. एर्सिलियाच्या जरा मागेच रस्ता रुंद होता. तिने गाडी मागे घेतली असती तर ॲम्ब्युलन्स सहज निघून गेली असती.

ड्रायव्हर बाईने खिडकीतून डोकं काढलं. घामाघूम झाली होती.

"सिन्योरा, मागे घ्या! पिएत्राफोस्का, रोमा रस्ता, अकरा नंबर. माणूस जायला टेकलाय!"

"मला मागचं दिसत नाही."

"अहो, मग शेजारी बसलेत त्यांना उतरवा की! ते सांगतील मागे बघून!"

एर्सिलियाने शेजारी वळून पाहिलं नाही.

"तो नाही उतरायचा आता," ती म्हणाली, आणि तिने इंजिन बंद केलं.