तळ्यातला घोट

थांबा, थांबा. ओतू नका. चार बाटल्यांच्या बुडाशी उरलेलं एकाच बाटलीत भरून ठेवायची अक्कल तुमची पहिली नाही. बूच लाव, बाटली मांडीवर धर आणि आधी ऐक. मग पटलं तर खुशाल ओता. मी काही तुमच्या पिण्याच्या आड येणारा म्हातारा नाही. मला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण माझ्या भिंतीपलीकडच्या माणसाला कळायचं, आणि हे त्याचं आहे. गोष्ट नव्हे. झालेलं आहे.

कवळीमास्तर तुम्हाला ठाऊक आहेत. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि मास्तर घरच्या पुढच्या खोलीत बसून कवळ्या घडवतात. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. हात असा साफ, की माणूस कवळी घालून हसला तर त्याच्या बायकोलाही कळू नये.

गेल्या नोव्हेंबरची चौदा तारीख, शुक्रवार. रात्री साडेआठला मास्तर कापडी पिशवी घेऊन बाहेर पडले. मी दारातच होतो. लोकांच्या चौकश्या करायची मला सवय नाही, पण जिन्याची वाटच माझ्या दारासमोरून जाते, त्याला मी काय करू?

"कुठे स्वारी?" म्हटलं.

"तळं आणायला," म्हणाले, आणि उतरले.

हे तळं म्हणजे काय, ते सांगतो. चौघांचा एक कंपू होता. मास्तर, औषधांच्या दुकानाचा मालक, छापखानेवाला आणि जमिनीची मोजणी करून निवृत्त झालेला मोजणीदार. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी बसायचे. दारुडे नव्हते हां. कुणीतरी एक नवी व्हिस्की शोधून आणायची, चौघांनी घोटभर घ्यायची, जिभेवर घोळवायची आणि काय सापडलं ते बोलायचं. मनासारखी बाटली सापडली की घरात पाळणा हलल्याचा आनंद. आणि सापडली ती कुलुपात ठेवायची नाही, वाटायची. बाटली संपत आली की शेवटचं बोटभर मोजणीदाराच्या घरी एका जाड, गडद तपकिरी बाटलीत जायचं. अशी अकरा वर्षं. मक्याची गोड बर्बन, धुराच्या वासाची, जळक्या पिंपातली, जी जी आवडली तिचा शेवटचा घोट त्या बाटलीत. थेंबे थेंबे तळे साचे, म्हणून तिचं नाव तळं. नियम एकच. तळं एकट्यानं प्यायचं नाही.

चौघांत जीभ होती ती मास्तरांची. ते डोळे मिटून म्हणायचे, "लाकडाच्या मागे बघा, सफरचंदाची साल आहे," की बाकीच्यांनाही ती साल लागायची. तोवर कुणाला काही नाही. मास्तर बोट दाखवणार, मग बाकीच्यांना दिसणार. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडासाठी दात घडवून पोट भरणाऱ्या माणसाला हा केवढा मान!

आणि जूनमध्ये मास्तरांना ताप आला. आठ दिवसांत उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. पाव खाल्ला तरी ओलं प्लास्टर चावल्यासारखं वाटायचं. कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. दर बैठकीला जुन्या आठवणीतलं काहीबाही ठोकून द्यायचे, आणि औषधवाला, छापखानेवाला माना डोलवायचे.

सप्टेंबरात मोजणीदारानं मास्तरांच्या हातात एक ग्लास दिला. मास्तरांनी घोळवलं. म्हणाले, "मध आहे. जुनं लाकूड आहे. शेवटी जरासा धूर."

मोजणीदार त्यांच्याकडे बघत राहिला. "अस्सं," म्हणाला.

ग्लासात रंग घातलेलं पाणी होतं.

ते त्यानं कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. पण ऑक्टोबरात तो हॉस्पिटलात पडला, मास्तर भेटायला गेले, तेव्हा खोलीत दोघंच असताना म्हणाला, "तुझी जीभ गेली ना रे? मागे तुला दिलं ते नुसतं रंगीत पाणी होतं."

मास्तरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"रडतोस काय गाढवा? माझी घे. मला आता कुठे कामाची आहे?" असं म्हणून हसला. हसताना वरची कवळी सुटून पुढे आली. मास्तरांनीच ती अंगठ्यानं परत बसवली. मग मोजणीदार म्हणाला, "पण तळं चौघांनी मिळून संपवा. माझा ग्लास भरायला विसरू नका."

सत्तावीस ऑक्टोबरला तो गेला.

तर ते तळं आणायला मास्तर त्या शुक्रवारी निघाले. दुसऱ्या दिवशी शनिवार. चौथा ग्लास भरून, तिघांनी बसून, बाटली संपवायची ठरलेली. मोजणीदाराच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, कपाटातून बाटली काढून दिली, पुसून, कागदात गुंडाळून.

दारात आल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, विचारू का नको असं झालंय. ह्यांची कवळी तुमच्याकडे तर नाही ना आली दुरुस्तीला?"

"नाही हो. का?"

"हॉस्पिटलातून पिशवी दिली त्यात चष्मा होता, घड्याळ होतं. कवळी नाही. वरचीही नाही, खालचीही नाही. तोंडाचं बोळकं घेऊन गेले हो. गाल आत गेलेले, ओठ आत ओढलेले... माझ्या तर ओळखीचं राहिलं नव्हतं ते तोंड."

मास्तर पायांकडे बघत जिना उतरले.

पावणेदहाला घरी. बायको लेकीकडे गेलेली. बाटली कामाच्या टेबलावर ठेवली, जबड्यांच्या रांगेत. मास्तर तिच्यासमोर बसले आणि मनात एकच घोळायला लागलं. उद्या दोघं माझ्या तोंडाकडे बघणार. अकरा वर्षांच्या सगळ्या आवडत्या एका घोटात आहेत, सांग मास्तर, काय काय लागतंय? आणि मी काय सांगू? मेलेल्या मित्राच्या ग्लाससमोर बसून पुन्हा थापा मारू?

म्हणून, पोरांनो, नुसतं बघायला. जिभेत धुगधुगी आहे का तेवढं. दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी बूच काढलं. बाटलीची मान इतकी अरुंद, की करंगळी जेमतेम जाईल. ग्लासात चमचाभर ओतलं आणि तोंडात घेतलं.

मध.

खराखुरा मध! मग भाजलेलं लाकूड. मग लांबून धूर, आणि धुराच्या मागे सफरचंदाची साल. पाच महिन्यांनी. मास्तर एकटेच मोठ्यानं हसले. ते हसणं मी भिंतीतून ऐकलं. मला वाटलं, टीव्ही लागलाय.

तिथे थांबायचं होतं त्यांनी. पण पाच महिन्यांचा उपाशी माणूस एका घासावर उठतो का?

दुसरा घोट घेतला. मध होताच. पण मधाच्या खाली काहीतरी होतं, आणि ते ओळखीचं होतं. मास्तरांकडे लोक जुन्या कवळ्या दुरुस्तीला आणतात. वर्षानुवर्षं न घासलेल्या. टाळूच्या बाजूनं पिवळा बुळबुळीत थर, त्यात अडकलेलं कधीचं अन्न. मास्तर ते नखानं खरवडून काढतात. तेव्हा जो वास येतो ना... ती चव.

त्यांनी ग्लास उजेडात धरला. स्वच्छ. मनाचा खेळ, म्हणाले, आणि मधाच्या आशेनं तिसऱ्यांदा बाटली तिरकी केली. ह्या वेळी धार पडली ती तुटेना. बाटलीच्या तोंडापासून ग्लासापर्यंत तार. अंड्याच्या पांढऱ्यासारखी.

ते बघूनही त्यांनी तोंडाला लावलं. का लावलं, ते त्यांना आजही सांगता येत नाही. म्हणाले, "हात माझा होता हो. हाव माझी नव्हती."

कोमट होतं. दुसऱ्याच्या तोंडातून नुकतं काढल्यासारखं कोमट. औषधाच्या गोळीचा कडूपणा. हिरड्यांतलं रक्त. चार चार दिवस चूळ न भरलेलं, उघडं पडलेलं, आजारी तोंड... आणि ते सगळं त्यांच्या तोंडात. गिळलं गेलं. सावकाश. चवीनं.

मास्तर उठले. बेसिनवर वाकले. थुंकले. घशात बोट घातलं. काही पडेना.

तोंडात काहीतरी चुकतंय, असं वाटलं. जीभ फिरवून बघितली.

दात नव्हते.

वर नाहीत. खाली नाहीत. नुसत्या हिरड्या. गुळगुळीत, ओल्या... ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

घाबरून त्यांनी बोट घातलं. बोटाला दात लागले. सगळे. जिथल्या तिथे.

बोट काढलं. पुन्हा जीभ फिरवली.

हिरड्या.

आरशात बघितलं. दात आहेत. तोंड मिटलं. जीभ आपणहून फिरायला लागली. त्यांनी न फिरवता. एकेक कोपरा चाचपत. नव्या घरात माणूस भिंती बघत हिंडतो ना... तशी.

आणि मग...

मी तेव्हा पाणी प्यायला उठलो होतो. अकराला पाच कमी. भिंतीपलीकडून आवाज आला. मास्तरांचा नव्हे. बोळक्या तोंडाचा. आणि तरी एक एक अक्षर स्पष्ट.

"अस्सं."

बस्स. एवढंच.



मास्तरांनी नंतर सांगितलं, की त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. पुन्हा बोललं जाऊ नये म्हणून. मग एका हातानं तोंड धरून दुसऱ्यानं बाटली बेसिनमध्ये उलटी केली. गडगड करत रिकामी होत गेली. तारा सुटत होत्या. खोलीभर तो वास. शेवटचा थेंब पडला, आणि आत काहीतरी घरंगळत मानेशी येऊन अडकलं.

खुळ्ळ.

पहाटे पावणेसहाला माझं दार वाजलं. मास्तर. टॉवेलमध्ये बाटली. एका रात्रीत गाल बसलेले. नुसती बाटली पुढे केली. मी टॉर्च लावला. गडद काच, नीट दिसेना. तिरकी केली तसं ते घसरत काचेला येऊन टेकलं.

वरची कवळी. अख्खी. गुलाबी टाळू, चौदा दात.

अरे, माझ्या मुठीएवढी वस्तू, आणि बाटलीच्या तोंडातून करंगळी जेमतेम जाते! मी काच चाचपून बघितली. कुठे सांधा नाही, भेग नाही. मास्तरांनी बोट टाळूच्या जागी ठेवलं. आत निळ्या धाग्याचा इवलासा तुकडा होता. आपण केलेल्या प्रत्येक कवळीत मास्तर तो घालतात. चित्रकारानं चित्राच्या कोपऱ्यात सही करावी तसा.

त्या दिवशी बसणं झालं नाही. मास्तरांनी दोघा मित्रांना बोलावून सगळं खरं सांगितलं, पाण्याच्या ग्लासासकट. छापखानेवाला चिडून म्हणाला, "अरे, चव गेली म्हणून आम्ही तुला टाकणार होतो का? सांगायचंस की!" औषधवाल्यानं चार ग्लास मांडले, रिकामेच, आणि थोड्या वेळानं उचलले. प्यायला तळं होतं कुठे?

आणि मास्तरांची चव? आली ना परत. तीच तर रड आहे. आली ती एकच आली. सूप प्यायले तरी तीच, फळ खाल्लं तरी तीच, गार पाणी प्यायले तरी तीच. वर्ष होत आलं, माणूस जेवायला बसतो तो फाशीला निघाल्यासारखा. त्यांची बायको बिचारी एकेक पदार्थ करून बघते. मास्तर नाक दाबून, न चावता गिळतात. म्हणतात, "चावलं की त्याला आवडतं."

बाटली? माझ्याकडे आहे. पायपुसणी ठेवायच्या खोक्यात, फडक्यात गुंडाळून. मास्तरांना ती घरात नको, आणि फोडूही देत नाहीत. मोजणीदाराच्या घरी वहिनींना दाखवायची हिंमत आमच्यात कुणाचीच नाही. त्या अजून अधूनमधून विचारतात, "सापडली का हो?"

मोजणीदाराच्या कवळ्या दोन होत्या. वरची माझ्या खोक्यात आहे. खालची अजून कुणाला सापडलेली नाही.

का रे, बाटली खाली ठेवलीस? पटलं नाही वाटतं?

आणि इतकी हळू का ठेवतोस... हलवून बघ की.