अठरा मिनिटं चार सेकंद

वेगनियंत्रण केंद्राच्या भिंतभर पडद्यावर करंजघाटातली वाहनं मुंग्यांसारखी सरकत होती. शाल्मलीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिच्या हातात तुरुंगातून आलेलं पत्र होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याच घाटात कुणीतरी तिच्या नवऱ्याला, हृषीकेशला, उडवून निघून गेलं होतं. घाटावरची 'सरासरीवेध' यंत्रणा तिनेच डॉ. दिवेकरांच्या हाताखाली उभी केली होती. चोवीस किलोमीटरच्या दोन टोकांना दोन द्वारनेत्र, म्हणजे प्रत्येक गाडीचा नंबर आणि वेळ टिपणारे कॅमेरे. मर्यादा ताशी ऐंशीची, म्हणजे अठरा मिनिटांच्या आत जो पोचला तो दोषी. त्या दुपारी तुळशीराम खरातचा टेम्पो बारा मिनिटांत पोचला होता. शाल्मलीने साक्ष दिली, खरात आत गेला आणि तिचा जीव जरा थंडावला.

आता खरातने लिहिलं होतं : "बाई, जोरात गेलो हे खरं. पण तुमच्या मालकांच्या डोक्याखाली टॉवेल होता, कुणीतरी त्यांना पाणी पाजलं होतं, असं कोर्टातच सांगितलं गेलं, पण तो माणूस कधी पुढे आला नाही. ते करायला मी थांबलो असतो, तर बारा मिनिटांत पोचलो कसा?"

एवढं साधं गणित, आणि ते हिला सुचू नये! थांबूनही बारा मिनिटांत पोचायला भरला टेम्पो घाटात काय उडत गेला होता? चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, तीही तिच्या हातून. जो थांबला त्याची सरासरी उतरणारच. म्हणजे खरा गुन्हेगार निर्दोषांच्या यादीत होता, आणि ती यादी आजवर कुणी उघडलीच नव्हती.

तिने ती उघडली. त्या वेळची एक मोटार अठरा मिनिटं चार सेकंदांत पोचली होती. इतकं मोजून थांबायला सूत्र तोंडपाठ लागतं. गाडीचा नंबर तिच्या ओळखीचा होता. त्याच गाडीतून ती स्मशानातून घरी आली होती.

दिवेकर समोरच बसले होते. तिने टेबलावरचा छोटा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी नाकारलं नाही. वेग एकशेवीसचा होता, वळणावर गाडी आवरली नाही, एवढंच ते खाली मान घालून म्हणाले. शाल्मलीने मनात वजाबाकी केली. बारा मिनिटं वाटेत गेली, सहा उरली. तिला त्या माणसाची शिसारी आली, तरी एक गोष्ट विचारल्यावाचून राहवेना.

"सहा मिनिटं तुम्ही त्याच्यापाशी बसलात, सर. ती त्याच्यासाठी, की सरासरीसाठी?"

दिवेकरांनी पडदा परत तिच्याकडे वळवला.

"पहिली तीन त्याच्यासाठी," ते म्हणाले. "तो गेल्यावर मग मी घड्याळ पाहिलं."