रिकाम्या गाडीचं वजन

सुनेचे दिवस भरत आले होते आणि दवाखाना टेकडीपलीकडे. घरात गाडी एकच. म्हाताऱ्याने जन्मभर जिच्यावर भाडी मारली, ती जुनी टॅक्सी. पण हल्ली चढावर तिचा दम तुटायला लागला होता. काल तपासणीला जाताना वरच्या वळणावर ती जवळजवळ थांबलीच. सून पोट धरून बसून राहिली होती. कळा सुरू झाल्यावर असं झालं तर? तेवढं एक म्हाताऱ्याच्या डोक्यातून जाईना.

"गाडी दमली की ड्रायव्हर?" म्हातारीने दारातून टोमणा मारला.

"दोघंही. पण एकाचा दम आज परत आणतो," म्हणत त्याने बाह्या सारल्या.

घाई त्याच्या स्वभावातच नव्हती. एअर फिल्टर झटकला, प्लग पुसले, पेट्रोलची जाळी धुतली. चाकं एकेक करून जॅकवर उचलली, हाताने फिरवली. ब्रेक कुठेच चिकटून चाक अडवत नव्हता. मग हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन जागच्या जागी बंद पडलं. म्हणजे क्लचही शाबूत.

"मग बिघडलंय काय, बाबा?" सुनेने विचारलं.

"इथे काहीच नाही, पोरी. दुखणं त्या वळणावर आहे. तिथेच जाऊन नाडी बघतो."

उन्हं कलली होती. टेकडीवर धुकं बसलं होतं. वळणापर्यंत गाडी निमूट चढली, आणि वळणावर मागून कुणी ओढावं तशी बसली. क्लच घसरला की इंजिन नुसतं ओरडतं. हे ओरडत नव्हतं. ओझ्याखाली कण्हत होतं. आत ओल्या मातीचा वास भरला.

त्याने गाडी थांबवली, चाकामागे दगड लावला. मागच्या चाकाच्या वर, पत्र्याखालच्या फटीत बोटं आडवी घातली. गाडी रिकामी असली की चार मावत. डावीकडे आता दोनच मावली. उजवीकडे तीन.

काचेतून आत पाहिलं. मागे कुणी नव्हतं. गादी मात्र दबलेली होती.

खाली पळून जावंसं वाटलं त्याला. पण पळून सुनेचं काय होणार होतं? आणि सवारी अर्ध्या वाटेत उतरवायची नाही, हा तर त्याचा आयुष्याचा नेम.

तो परत स्टिअरिंगवर बसला. आरशाकडे नजर जाऊ दिली नाही.

"बसलाच आहात तर बसा," तो हळू आवाजात म्हणाला. "वरपर्यंत सोडतो. पण पुढे ही गाडी मला मोकळी हवी... घरी अडलेलं माणूस आहे."

पहिल्या गिअरमध्ये, पावलापावलाने, त्याने ते ओझं माथ्यावर नेलं. सपाटीवर गाडी बंद करून खाली उतरला आणि डावीकडचं मागचं दार उघडून धरलं. सवाऱ्यांसाठी धरायचा, तसंच.

"उतरा. सावकाश..."

स्प्रिंगा कुरकुरल्या. ओला वास त्याच्या बाहीला घासून धुक्यात गेला. त्याने दार लावलं, वाकून बोटं घातली. चार. हायसं वाटलं त्याला.

मग उजवीकडे गेला. तिथे अजून तीनच.

लहानसं वजन होतं ते. एखाद्या पोराचं असावं इतकं.

"आणि तू रे बाळा," जुन्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "तुला कुठं सोडू...?"

खिशातला फोन वाजला. म्हातारी धापा टाकत होती. "अहो, असाल तिथून फिरा. हिला आत्ता, या क्षणाला कळा सुरू झाल्या."

"आलोच," तो म्हणाला. "गाडी चढेल आता. तिला सांग, घाबरू नको."

फोन कानाशी होता. दुसरा हात अजून फटीतच. आणि बोटांवरचा पत्रा हळूच वर उचलला गेला. चौथं बोट आपसूक आत सरकलं.

त्या बाजूचं दार त्याने उघडलंच नव्हतं.