छातीतला सोमवार

रेवसच्या धक्क्यावर दत्तात्रेय घरत कोसळून मेला, त्याला नऊ दिवस झाले होते. उपनिरीक्षक मैत्री साळवी आरोपपत्राचा मसुदा वाचत असताना शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर हेतल यांचा फोन आला.

"सनीवर कलम लावू नका. आधी इकडे या."

प्रकरण सरळ वाटत होतं. गुरुवारी सकाळी लाँचच्या रांगेत ट्रकमालक दत्तात्रेय आणि त्याचा ड्रायव्हर सनी यांची झोंबाझोंबी झाली. सनीचा हात छातीवर बसला, दत्तात्रेय पडला आणि उठलाच नाही. वीस जणांनी पाहिलं. मी शेठना दवाखान्यात न्यायला ओढत होतो, असं सनी सांगत राहिला. त्याचं कुणी ऐकलं नाही. मैत्रीनेही नाही.

हेतलने तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"हृदयाच्या स्नायूला मुका मार लागलाय. तिथे पांढऱ्या पेशींची गर्दी बघा."

"जंतुसंसर्ग?"

"एकही जंतू नाही. पेशीला शक्ती पुरवणारे मायटोकाँड्रिया मुळात जिवाणूंपासून आलेले. त्यांचा डीएनए अजून जिवाणूंसारखाच आहे. पेशी फुटली की तो बाहेर सांडतो आणि शरीराला वाटतं, जंतू शिरले. मग पांढऱ्या पेशी धावून येतात. सूज चढते, तापही येतो."

"एवढी गर्दी जमायला किती वेळ?"

"साधारण तीन दिवस. सनीच्या धक्क्यानंतर हा माणूस पाच मिनिटांत गेला. मेलेल्या शरीरात सूज चढत नाही."

मार सोमवारचा होता, आणि सोमवारी सनी तळा गावी मावशीकडच्या साखरपुड्यात होता. म्हणजे मारणारा कुणी दुसराच होता, आणि तो नऊ दिवस मोकळा होता.

घरतांच्या ओटीवर दत्तात्रेयचा धाकटा भाऊ प्रणय भेटायला आलेल्यांना पाणी देत होता. दत्तात्रेयची बायको सखुबाई भिंतीला टेकून बसली होती.

"काकी, सोमवारी काका कुठे होते?"

"दोघं भाव टरक घेऊन आगरदांड्याला गेलते. रातीपासून यांना ताप. उताणं झोपवत न्हवतं."

"ट्रक कोण चालवत होतं?"

"मीच, मॅडम. जाताना, येतानाही," प्रणय म्हणाला. "दादा बाजूला बसला होता."

"वाटेत कुठे धडक, अपघात?"

"काहीच नाही."

"डॉक्टरकडे कोणी नेलं?"

"प्रणयनंच," सखुबाई म्हणाली. "व्हायरल हाय बोलला. गोळ्यापन त्यानंच आणल्या."

गावातल्या दवाखान्यात डॉक्टर रचनांनी मंगळवारची नोंद काढली. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या. खाली लिहिलं होतं: हृदयाची तपासणी हवी, आजच अलिबागला न्यावे.

"शर्ट काढा म्हटलं, तर भाऊ म्हणाला, गाडी खोळंबलीय," रचना म्हणाल्या. "चिठ्ठी त्याच्याच हातात दिली."

संध्याकाळच्या आत मैत्री पुन्हा ओटीवर उभी राहिली. सोबत दोन शिपाई होते.

"प्रणय, अलिबागची चिठ्ठी कुठे आहे?"

प्रणयच्या हातातला तांब्या थांबला. सखुबाईने मान वर केली.

"कसली चिठ्ठी?"

"व्हायरल असता, तर ती लपवायची गरज नव्हती. धक्क्यावर लोकांनी शुद्धीवर आणायला छाती दाबली, त्याचेच ते वळ असं आम्ही समजलो. पण आतली सूज सोमवारची आहे. काका स्टेअरिंगवर नव्हते, धडक झाली नाही, आणि केबिनमध्ये तुम्ही दोघंच होता. शर्ट निघाला असता तर वळ दिसले असते. म्हणून तू तो काढू दिला नाहीस. तीन दिवस ते हृदय सुजत राहिलं आणि गुरुवारी त्याचा ठेका चुकला. सनी त्यांना खरंच दवाखान्यात ओढत होता."



"मी प्यायलो होतो," प्रणय पुटपुटला. "दादाने चावी काढून घेतली. जॅकचा दांडा हाताशी होता. एकच बसला, मॅडम. दादाच म्हणाला, कुणाला सांगू नको, तुझं लायसन जाईल."

"त्यांनी तुझ्यासाठी तोंड मिटलं. मग चिठ्ठी का दाबलीस? सनीला आत का जाऊ दिलंस?"

शिपाई पुढे झाले.

सखुबाई भिंतीचा आधार घेत उठली. तिने प्रणयच्या हातातून तांब्या काढून घेतला.

"ते झोपेत कण्हायचे," ती म्हणाली, "आन् तू शेजारच्या खोलीत ऐकत व्हतास."