मैरोसच्या दगडावर काय कोरायचं

दगड: कोरा

डोम्ना किरिलाच्या दारात आली तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती.

"दुपारी त्याला खड्ड्यात ढकलणार," ती म्हणाली. "नाव न कोरता. कुत्र्यासारखं."

तो म्हणजे मैरोस. पाणीवाल्यांपैकी. पाणीवालेही ख्रिस्ताचेच, पण दारू, मांस आणि लग्न त्यांना वर्ज्य. प्रभुभोजनाच्या पेल्यातही ते पाणीच ठेवत. लाओदिकेया या गावात त्यांची दफनभूमी वेगळी होती आणि दारू पिणाऱ्याला इथे जागा नाही, असं तिच्या दारावरच कोरलेलं होतं.

सकाळी मैरोस प्रार्थनाघराच्या टाक्याच्या पायऱ्यांखाली सापडला. डोकं फुटलेलं, अंगरखा दारूने चिंब. व्रत मोडलं आणि झिंगून पडला, असं मंडळीने ठरवून टाकलं.

"माझ्याशी लग्न करणार होता," डोम्ना म्हणाली. तिची दारूची खानावळ होती. "मी कितीदा पेला पुढे केला. हसायचा आणि पाणी मागायचा. म्हणायचा, लग्न करीन, पण हे नाही सोडणार."

टाक्याशी सापडलेलं दारूचं मडकं तिच्याच ओसरीवरचं होतं. काल संध्याकाळी नाहीसं झालं होतं. ओसरी उघडीच असायची.

किरिला विधवा होती. गावातल्या चोऱ्या-मारामाऱ्यांचा छडा ती लावायची. तिने दिराला हाक मारली. पापास जेवणावरून उठला, म्हणजे नाराजीनेच.

दगड: अजून कोरा

टाक्याच्या वरच्या पायरीशी एक बाक होता. त्यावर मडकं आणि काठोकाठ भरलेला पेला. बाकी काही नाही. पापासने घोट घेतला आणि थुंकला.

"वहिनी, नुसता गाळ आहे. सालं, काड्या, राळ. पाण्याचा थेंब नाही. मलासुद्धा गिळवेना."

"तुम्हाला गिळवेना, भाऊजी? मग खरंच वाईट असणार."

तिने अंगठ्याने प्रेताचे ओठ उघडले, आत पाहिलं आणि पुन्हा मिटले.

मैरोसचा थोरला भाऊ त्रोफिमोस भिंतीला टेकून रडत होता. लग्नावरून काल दोघांचं भांडण झालं होतं, हे त्याने आपणहून सांगितलं. दोघे भाऊ द्राक्षमळेवाल्या घरातले, आईबाप गेल्यावर मंडळीत आलेले. मैरोसला दारू पिता येत असेल का, असं किरिलाने विचारलं तेव्हा तो रडता रडता हसला. बापाच्या पंगतीत गाळणी धरायचं काम मैरोसचंच होतं, म्हणाला, आणि पाण्याची सुरई फिरवायचं त्याचं स्वतःचं.

मंडळीची प्रमुख आफिया. सगळे तिला आई म्हणत. बाकीची माणसं मागाहून पाणीवाली झालेली, तान्ही असल्यापासूनची ती एकटीच. मैरोसला तिनेच वाढवलं होतं. काल आपण एकटीच प्रार्थना करत होतो, असं तिने सांगितलं. किरिलाने तिलाही तेच विचारलं.

"ओतायची आणि घशात घालायची," आफिया शांतपणे म्हणाली. "त्यात यायचं काय?"

दगड: पाथरवट थांबलाय

दुपारी दफनभूमीबाहेरच्या खड्ड्याच्या कडेला सगळे जमले. किरिलाने मडकं आणि पेला मातीवर ठेवले.

"भाऊजी, जीभ दाखवा."

पापासने दाखवली. जांभळी-काळी. कोणीतरी हसलं.

"एका घोटाने ही अशी झाली. आता मैरोसचे दात बघा. पांढरेशुभ्र. दारू त्याच्या अंगावर ओतली, तोंडात गेलीच नाही."



"डोम्नाने पेला भरला असता तर गाळून, पाणी घालून भरला असता. त्रोफिमोसनेही. आपल्याकडे अशी नुसती दारू कोण मांडतो?"

"बाई, घाईत राहून गेलं असेल," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"घाईत हात सवयीचंच करतात. ज्याच्या घरी दारू कधी आलीच नाही, त्याला ती कशी पितात हे ठाऊक नसतं. ओतायची आणि घशात घालायची, एवढंच त्याला वाटतं." ती वळली. "खरं ना, आई?"

 आफियाने नाकारलं नाही.

"म्हणाला, आई, मी लग्न करतोय. मी त्याला ढकललं."

"आणि दारू?"

"नवरदेव झाला असता तर आमची पोरं त्याच्यामागे गेली असती. दारुड्याच्या मागे कोणी जात नाही." प्रार्थना म्हणावी तसा तिचा आवाज होता.

किरिला एक पाऊल पुढे आली. "तुम्ही मडकं आणायला निघालात तेव्हा तो श्वास घेत होता?"

आफियाने तळहातांकडे पाहिलं.

"निघाले तेव्हा घेत होता."

 मंडळीतली माणसं तिच्यापासून एक एक करून सरकली, आणि ती मध्ये एकटीच उभी राहिली. पापासची जीभ अजून बाहेर होती. आत घ्यायचं त्याला सुचलंच नव्हतं.

मग मंडळीतल्या दोघा म्हाताऱ्यांनी दफनभूमीचं दार उघडून धरलं. डोम्नाने तिकडे पाहिलं नाही. ती प्रेताशेजारी बसून ओल्या फडक्याने त्याच्या गळ्यावरची दारू पुसत होती.

पाथरवट खाकरला. "बाई, काय कोरू?"

"मैरोस," डोम्ना म्हणाली. "आणि त्याखाली, पाणी पिणारा."

छिन्नी चालू झाली.